ताट वेगळे करू नका, खिडकी मागा

आमच्या अभ्यासवर्गात नियमित येणारा एक तरुण सलग दोन महिने आला नाही. तो ठेकेदाराकडे कचऱ्याच्या गाडीवर काम करतो. चौकशी केली तेव्हा कळले, त्याला टीबी झाला आहे. तीन महिने खोकला होता. जवळच्या खाजगी दवाखान्यातून तीनदा औषध आणले, बाटलीभर सिरप संपले, ताप जाऊन पुन्हा आला. शेवटी वस्तीतल्या आशाताईने बेडका तपासायला डबी हातात दिली आणि निदान झाले.

आम्ही भेटायला गेलो. पुनर्वसन इमारतीतली एक खोली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. मुलगा दाराशी बसलेला. ओट्याच्या कोपऱ्यात त्याचे ताट, पेला, चमचा वेगळा ठेवलेला. आई म्हणाली, "डॉक्टर काही बोलले नाहीत, पण काळजी घेतलेली बरी." खोलीला एकच खिडकी, तीही बंद. का? तर समोरच्या इमारतीची भिंत हाताच्या अंतरावर, मधल्या गाळ्यात कचरा, त्यातून वास येतो, उंदीर येतात.

मित्रांनो, ज्यांच्या आज्या-पणज्यांना वरून पाणी वाढले गेले, ज्यांच्या कपाला हॉटेलात वेगळी जागा होती, त्यांच्याच घरात आज आजारी मुलाचे ताट वेगळे झाले आहे. आणि ज्या वाटेने हा रोग खरोखर पसरतो ती हवा मात्र खोलीत कोंडून ठेवली आहे. हा दोष त्या माऊलीचा नाही. तिला कुणी नीट सांगितलेच नाही. पण दोष कुणाचा, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे, कारण क्षयरोगाच्या सगळ्या प्रगतीचे आणि सगळ्या अपयशाचे उत्तर त्या एका खोलीत आहे.

आधी विज्ञान स्पष्ट करू. फुप्फुसाचा टीबी हवेतून पसरतो. रुग्ण खोकतो, शिंकतो, बोलतो तेव्हा अतिसूक्ष्म कण हवेत जातात आणि कोंदट जागेत तासन्‌तास तरंगत राहतात. ताटातून, पेल्यातून, कपड्यांतून, हात मिळवल्याने टीबी होत नाही. योग्य औषधे सुरू झाली की संसर्ग पसरवण्याची शक्ती झपाट्याने कमी होते. १९५६ मध्ये मद्रासमध्ये सुरू झालेल्या प्रसिद्ध अभ्यासाने हे जगाला दाखवले. सॅनेटोरियममध्ये ठेवलेले रुग्ण आणि गरीब घरात राहून औषध घेणारे रुग्ण यांची तुलना झाली. घरी राहणारे रुग्णही तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागणही झाली नाही. म्हणजे रुग्णाला तोडण्याची गरज नाही, हे विज्ञानाने साठ वर्षांपूर्वीच सिद्ध केले आहे. तरी ताट वेगळेच आहे. विटाळाची सवय अशी सहजासहजी जात नाही, ती फक्त नवे कारण शोधते.

आता प्रगतीकडे वळू. कारण सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे खोटे ठरेल आणि खोट्यावर चळवळ उभी राहत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१५ मध्ये भारतात दर लाख लोकसंख्येमागे २३७ जणांना टीबी होत होता. २०२४ मध्ये हा आकडा १८७ वर आला. म्हणजे सुमारे २१ टक्के घट, जी जगाच्या सरासरीपेक्षा जास्त आहे. मृत्यूचे प्रमाण लाखामागे २८ वरून २१ पर्यंत खाली आले. सर्वात मोठा बदल निदानात झाला आहे. पूर्वी सारी भिस्त सूक्ष्मदर्शकावर होती आणि त्यातून कितीतरी रुग्ण निसटत होते. आज सीबीनॅट यंत्र दोन तासांत जंतू आहे की नाही हे सांगते आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला तो दाद देतो की नाही हेही सांगते. आपल्या शेजारच्या गोव्यात तयार झालेले ट्रूनॅट यंत्र बॅटरीवर चालते, त्यामुळे वीज जाणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही ते ठेवता येते. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. २०१२ पासून खाजगी डॉक्टरांनाही प्रत्येक टीबी रुग्णाची नोंद सरकारकडे करणे बंधनकारक आहे. डिसेंबर २०२४ पासून देशातल्या ३४७ जिल्ह्यांत शंभर दिवसांची मोहीम झाली, हातात धरता येणारी एक्स-रे यंत्रे वस्तीपर्यंत आली.

एक्स-रेचे महत्त्व समजून घ्या. २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात असे दिसले की केवळ लक्षणे विचारून थांबले असते तर सुमारे ४३ टक्के रुग्ण सापडलेच नसते. त्यांच्यात खोकला, ताप अशी विचारून कळणारी लक्षणे नव्हती, एक्स-रेत डाग होता. आणि ज्यांच्यात लक्षणे होती त्यांच्यातले ६४ टक्के लोक कुठल्याही दवाखान्यात गेलेच नव्हते. का गेले नाहीत? बहुतेकांनी लक्षणांकडे दुर्लक्ष केले. पण रोजंदारीवरच्या माणसाचे दुर्लक्ष म्हणजे काय, हे आपल्याला माहीत आहे. खाडा केला तर हजेरी जाते. दवाखान्याची वेळ आणि नाक्यावर उभे राहायची वेळ एकच असते.

तेव्हा शोधण्यात प्रगती झाली, हे मान्य. पण २०१८ मध्ये पंतप्रधानांनी जाहीर केले होते की जगाच्या पाच वर्षे आधी, २०२५ पर्यंत भारत टीबीमुक्त होईल. लक्ष्य होते नव्या रुग्णांत ८० टक्के घट, म्हणजे लाखामागे पन्नासच्या आत. आपण १८७ वर आहोत. अजूनही जगातला दर चौथा रुग्ण भारतीय आहे आणि वर्षाला सुमारे तीन लाख माणसे या बऱ्या होणाऱ्या रोगाने मरतात. यंत्रे आली, औषधे फुकट आहेत, मग घोडे अडले कुठे?

घोडे अडले त्या खोलीत. यंत्र रुग्ण शोधू शकते, ते खिडकी उघडू शकत नाही, ताटात डाळ वाढू शकत नाही, बुडालेली मजुरी भरून देऊ शकत नाही. रोग शोधणे हे तंत्रज्ञानाचे काम होते, ते बरेचसे झाले. रोग होऊच न देणे हे राजकारणाचे काम आहे, ते सुरूच झालेले नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे.

खिडकीपासून सुरुवात करू. मुंबईच्या एम पूर्व वॉर्डात, म्हणजे गोवंडी, मानखुर्द, देवनार डम्पिंगच्या परिसरात, रस्ते आणि रेल्वे प्रकल्पांसाठी उठवलेल्या हजारो कुटुंबांना आणून वसवले. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हाच वॉर्ड शहराच्या तळाशी होता. २०१८ मध्ये आयआयटी मुंबई आणि डॉक्टर्स फॉर यू यांनी इथल्या तीन पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास मांडला. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये टीबीचे प्रमाण ८ ते १० टक्क्यांच्या घरात आढळले. त्याच भागातल्या, पण इमारतींमध्ये अंतर असलेल्या तिसऱ्या वसाहतीत ते साधारण १ टक्का होते. जास्त टीबी असलेल्या वसाहतींत दोन इमारतींमधले अंतर जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही, हवा खेळत नाही. घर २२५ चौरस फुटांचे आणि त्यात सहा-सात माणसे. मोकळ्या जागेच्या नियमांत पुनर्वसन इमारतींना सवलत दिली जाते. ही सवलत बिल्डरला मिळते, तिची किंमत रहिवाशांची फुप्फुसे भरतात.

ही गोष्ट सत्ताधाऱ्यांना माहीत नव्हती काय? १८९६ ला मुंबईत प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्ये इंग्रज सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. कोंदट वस्त्यांत हवा आणि उजेड पोहोचवणे हा त्याचा घोषित हेतू होता. त्याच ट्रस्टच्या परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेबांनी आयुष्यातली अनेक वर्षे काढली. इंग्रजांचे हेतू शुद्ध होते असे आम्ही म्हणत नाही, त्यांनी गरिबांची घरे पाडलीही खूप. पण घराला हवा लागते, हे सव्वाशे वर्षांपूर्वी सरकारी कागदावर आले होते. स्वतंत्र देशाच्या पुनर्वसन नियमांनी ते पुसून टाकले.

आता ताटाकडे पाहू. मद्रासच्या त्या अभ्यासाचा पुढे एक अर्थ असाही काढला गेला की औषध चांगले असेल तर आहार दुय्यम आहे. त्यानंतर अनेक दशके आहार धोरणाबाहेर राहिला. २०१९ ते २०२२ मध्ये झारखंडमध्ये राशन्स नावाचा मोठा अभ्यास झाला. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव त्यात प्रमुख होते. रुग्णांना दरमहा सुमारे १० किलोचा पौष्टिक शिधा दिला. निम्म्या कुटुंबांत घरातल्या इतर माणसांनाही माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ दिली. दहा हजारांहून जास्त घरच्या माणसांवर लक्ष ठेवले. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला तिथे नव्या टीबीचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले, आणि तपासणीत जंतू सापडणाऱ्या टीबीचे ४८ टक्क्यांनी. ज्या रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसला. तांदूळ आणि तूरडाळ! एवढे काम करणारी लस आज मोठ्या माणसांसाठी आपल्या हातात नाही.

यावर सरकारने काय केले? निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून रुग्णाला महिना ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० केले. वाढ झाली, चांगले झाले. पण हिशेब करा, दिवसाला तेहतीस रुपये. त्यात दोन अंडी आणि अर्धा लिटर दूधही येत नाही. ते पैसेही वेळेवर खात्यात पडले तर! आणि घरातल्या इतरांचे काय? त्यांच्यासाठी 'निक्षय मित्र' आहेत, म्हणजे स्वेच्छेने रुग्ण दत्तक घेऊन शिधा देणारे दाते, संस्था, कंपन्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये रुग्णाच्या कुटुंबालाही या योजनेत घेतले गेले.

देणाऱ्यांच्या भावनेवर आम्ही शंका घेत नाही. पण पिशवी देतानाचे फोटो आम्ही पाहतो आणि अस्वस्थ होतो. ज्या अन्नाने रोग थांबतो हे सिद्ध झाले आहे, ते अन्न औषध आहे. औषध कुणी दान म्हणून देते काय? उद्या दाता मिळाला नाही तर गोळी बंद, असे चालेल काय? संविधानाचे कलम ४७ सांगते की लोकांचे पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे. कर्तव्य राज्याचे आणि शिधा दात्याच्या मर्जीवर, ही पुन्हा तीच जुनी दयेची व्यवस्था झाली. बाबासाहेबांनी आपल्याला दयेतून बाहेर काढून हक्कात आणले. आपण परत ओंजळ पुढे करायची नाही.

तिसरी गोष्ट मजुरीची. आमच्या त्या मित्राला ठेकेदाराने सांगितले, "बरा झालास की ये." सहा महिन्यांचा उपचार, आणि पहिल्याच आठवड्यात काम गेले. म्हणून कितीतरी कामगार रोग लपवतात, खोकत कामावर जातात, थोडे बरे वाटले की गोळ्या सोडतात. मग औषधाला दाद न देणारा टीबी होतो. याला रुग्णाचा बेजबाबदारपणा म्हणणारे लोक महिन्याच्या पगारी रजेवर जगतात. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले ते याच तत्त्वावर, की शरीराला विश्रांतीची गरज असताना कामगाराची चूल विझता कामा नये. ते व्हाइसरॉयच्या मंडळात श्रममंत्री असतानाच कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखली गेली आणि १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. त्या योजनेत टीबीसारख्या दीर्घ आजारात मजुरीचा मोठा भाग मिळण्याची तरतूद आहे. म्हणजे मार्ग बाबासाहेबांच्या काळातच आखलेला आहे. पण ज्याची नोंदच ठेकेदार करत नाही त्या सफाई कामगाराला, कचरा वेचणाऱ्या बाईला, नाका कामगाराला तो कायदा ओळखत नाही.

इथे कुणी म्हणेल, टीबीचा जंतू जात विचारत नाही, श्रीमंतालाही होतो, उगाच जात आणू नका. बरोबर आहे, जंतू जात विचारत नाही. पण घर कुठे मिळणार, काम कुठले मिळणार, ताटात काय पडणार, हे या देशात कोण ठरवत आले? गटारात कोण उतरते? डम्पिंगच्या शेजारी कुणाची वस्ती वसवली जाते? जंतूला जात नाही, पण त्याला मिळालेल्या पत्त्याला आहे. टीबीच्या वार्षिक सरकारी अहवालांत वय, लिंग, मधुमेह, एचआयव्ही, तंबाखू यांचे आकडे आम्ही वाचतो. अनुसूचित जातींचा असा तक्ता आमच्या वाचनात आलेला नाही. जे मोजले जात नाही त्यासाठी निधी मागता येत नाही, म्हणून जातवार आकडे ही आपली मागणी असली पाहिजे.

मागून मिळते काय? मिळते. तामिळनाडूने २०२२ पासून एक साधी गोष्ट केली. निदान होताच प्रत्येक रुग्णाचे वजन-उंची पाहायची, श्वास आणि प्राणवायू मोजायचा, तो आधाराशिवाय उभा राहू शकतो का ते बघायचे. जो गंभीर असेल त्याला त्वरित दाखल करून पोषणासह उपचार द्यायचे. वजनकाटा आणि बोटाला लावायचे छोटे यंत्र, एवढ्यावर जीव वाचतात. महाराष्ट्राला हे का जमू नये? दुसरे उदाहरण बेडाक्विलीन या औषधाचे. औषध-प्रतिरोधी टीबीवरच्या या गोळीचे पेटंट लांबवण्याचा प्रयत्न जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने केला. जुन्या उपचारात ऐकण्याची शक्ती गमावलेल्या दोन स्त्रिया, मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले, यांनी २०१९ मध्ये त्याला कायदेशीर हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. रुग्ण दयेचा विषय न राहता हक्काचा दावेदार झाला की काय होते, हे त्या दोघींनी दाखवले.

मग आपण काय करायचे? भाषणे खूप झाली. आपल्या वस्तीत करता येतील अशी ही कामे आहेत.

पहिले, दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, यातले काही दिसले की त्या माणसाला घेऊन मनपा किंवा सरकारी दवाखान्यात जा. नुसती चिठ्ठी देऊ नका, सोबत जा. बेडक्याची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी आणि एक्स-रे मागा, ते मोफत आहे. घरातल्या इतरांचीही तपासणी आणि प्रतिबंधक औषध मागा.

दुसरे, रुग्णाच्या घरी जाऊन त्याच्यासोबत जेवा. त्याच ताटांतून जेवा. सुरुवातीचे काही आठवडे त्याने मास्क लावावा, घरात हवा खेळती ठेवावी, एवढे पुरे. आणि टीबी झालेल्या सुनेला माहेरी पाठवणाऱ्या घराला तोंडावर विचारा, मनुस्मृती जाळणाऱ्यांची तुम्ही लेकरे ना?

तिसरे, वस्तीतल्या किती रुग्णांचे निक्षय पोषणचे पैसे थकले आहेत, याची यादी करा आणि एकत्र जाऊन क्षयरोग अधिकाऱ्याला निवेदन द्या. एकटा रुग्ण खिडकीवरून परत येतो, पन्नास जण येत नाहीत.

चौथे, वस्तीत पुनर्विकासाचा प्रस्ताव आला की संमतीपत्रावर सही करण्याआधी नकाशा मागा. दोन इमारतींत अंतर किती, खालच्या मजल्यावर ऊन येणार का, हे विचारा. चौरस फुटांची वाटाघाट आपण करतो, हवेची करत नाही.

पाचवे, बुद्ध विहारात एक्स-रे शिबिर घ्या. जयंतीच्या डीजेवर जो खर्च होतो त्याचा एक भाग वस्तीतल्या रुग्णाच्या घरच्यांच्या डाळीसाठी ठेवा. हे दान नव्हे. आपल्यातल्या माणसाला आपण एकटे सोडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण हे करताना सरकारला सोडू नका. आपली डाळ तात्पुरती, राज्याचे कर्तव्य कायमचे.

२० मार्चला आपण महाडला जातो. चार दिवसांनी, २४ मार्चला, जागतिक क्षयरोग दिन असतो, कारण १८८२ मध्ये त्या दिवशी रॉबर्ट कॉक यांनी या रोगाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले. या दोन तारखा आपण एकत्र पाहिल्या पाहिजेत. १९२७ मध्ये बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते तहान भागवण्यासाठी नव्हे, तर पाणी सर्वांचे आहे हे सिद्ध करण्यासाठी. आज गोवंडीच्या तळमजल्यावरच्या खोलीत हवा तशीच अडवलेली आहे. ती मागणे हाही सत्याग्रहच आहे.

आमचा तो मित्र आता चौथ्या महिन्याच्या गोळ्या घेतो आहे. वजन वाढले आहे. मागच्या रविवारी आम्ही सगळे त्याच्याकडे जेवलो, ताटे एकत्रच मांडली, त्याच्या आईनेच वाढले. खिडकी अजून बंद आहे. मधल्या गाळ्याच्या सफाईसाठी आणि ठेकेदाराविरुद्ध, असे दोन अर्ज आम्ही दिले आहेत. उत्तर आले नाही तर तिसरा घेऊन आम्ही सगळे जाणार आहोत.

जय भीम!